सिएरा लिओनचे नवे कायदे गावातल्या कोर्टापर्यंत कसे पोचले, आणि कुठे अडले

विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "यादवी युद्ध संपलेल्या आफ्रिकी देशांत परदेशी मदतीने कायदे नव्याने लिहिले जातात. पण खेड्यात न्याय करतो तो तिथला मुखियाच. मग या सुधारणांचा सामान्य माणसाला काही उपयोग होतो, की सगळं कागदावरच राहतं?"

उपयोग होतो. पण कायदा मंजूर झाल्याच्या दिवशी होत नाही, आणि राजधानीतून बघणाऱ्याला तो बहुधा दिसतही नाही. पश्चिम आफ्रिकेत न्यायव्यवस्था पुन्हा उभी करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे, त्यातली जास्त सिएरा लिओनमध्ये. म्हणून उत्तर त्या देशावरून देते. आजूबाजूच्या देशांचे दाखले लागतील तिथे घेईन.

आपल्याकडे हा देश आठवतो तो 2000 सालच्या 'ऑपरेशन खुकरी'मुळे. कैलाहुनमध्ये बंडखोरांनी वेढलेल्या भारतीय शांतिसैनिकांना त्या कारवाईत सोडवलं होतं. मार्च 1991 मध्ये लायबेरियाची सीमा ओलांडून बंडखोर शिरले तेही याच कैलाहुन जिल्ह्यात, आणि तिथेच युद्ध सुरू झालं. जानेवारी 2002 मध्ये ते संपलं तेव्हा जिल्ह्याच्या गावांतली न्यायालयं, पोलीस ठाणी, दप्तरं यांतलं फारसं काही शिल्लक नव्हतं. साऱ्या देशात वकील शंभराच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक राजधानी फ्रीटाउनमध्ये. लोकसंख्या पन्नास लाख.

या युद्धाचं कारण म्हणून बाहेरचे लोक हिरे सांगतात. हिऱ्यांच्या पैशावर युद्ध चाललं हे खरं, पण देशाच्या सत्य व सलोखा आयोगाने 2004 च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की मूळ कारण ते नव्हतं. आयोगाने बोट ठेवलं ते वर्षानुवर्षांच्या वाईट कारभारावर, भ्रष्टाचारावर, लोकांना, विशेषतः तरुणांना, नाकारलेल्या हक्कांवर. त्यात गावपातळीवरचा न्यायही आला. हातात बंदूक घेतलेल्या खेड्यातल्या पोरांशी नंतर जे जे बोलले त्यांना एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: चीफ आणि वडीलधारे वाटेल तो दंड लावायचे. तिथल्या इंग्रजीत 'वूमन डॅमेज' नावाचा एक दंड आहे. चार-पाच बायका असलेला म्हातारा एखाद्या तरुणावर आपल्या बायकोशी संबंध ठेवल्याचा आरोप करतो, न्याय करणारे त्याचेच सोबती असतात, आणि दंड इतका असतो की पोराने एक तर चीफच्या शेतावर राबावं नाहीतर गाव सोडून पळावं. पळालेली पोरं हिऱ्यांच्या खाणीत गेली, आणि पुढे बंडखोरांच्या हाती लागली.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. गावातलं कोर्ट हे इथे सुधारणेच्या यादीतलं शेवटचं कलम नव्हे. युद्धाला जी माती मिळाली त्यात ते होतं. त्यामुळे सिएरा लिओनमधल्या कुठल्याही कायद्याला मी एकच प्रश्न विचारते: याने गावातल्या पहिल्या पायरीवर काय बदललं?

आंतरराष्ट्रीय लक्ष आणि पैसा आधी गेला तो वरच्या पायरीकडे. सरकार आणि बंडखोरांमधल्या जुलै 1999 च्या लोमे शांतता करारात सगळ्या लढणाऱ्यांना सरसकट माफी दिली होती. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना नोंदवून ठेवलं की वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू नाही. जानेवारी 2002 मध्ये सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या करारातून विशेष न्यायालय उभं राहिलं. 2004 मध्ये त्याच्या अपील पीठाने ठरवलं की अशा गुन्ह्यांच्या खटल्याला लोमेची माफी आड येत नाही. तेरा जणांवर आरोप ठेवले गेले, नऊ जणांना शिक्षा झाली. लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली आणि 2013 मध्ये ती अपिलात कायम राहिली. मुलांना सैन्यात भरती करण्याच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेली पहिली शिक्षा इथलीच, आणि जबरदस्तीच्या 'लग्ना'ला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवणारा निकालही इथलाच. हे काम लहान नाही. ज्या बायकांना रानात वर्षानुवर्षं 'बुश वाइफ' म्हणून ठेवलं होतं, त्यांच्यावर झालेला तो गुन्हा होता हे न्यायालयाने म्हटलं, याची किंमत पैशात होत नाही. पण त्या न्यायालयावर वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला, आणि त्याच काळात जिल्ह्यातल्या मॅजिस्ट्रेटकडे कायद्याचं ताजं पुस्तक नसायचं. देशाच्या कायद्यांचं शेवटचं अधिकृत संकलन 1960 चं होतं.

आता खालची पायरी. इंग्रजांनी फ्रीटाउन आणि भोवतालची वसाहत इंग्रजी कायद्याखाली ठेवली. 1896 मध्ये आतला मुलूख 'प्रोटेक्टोरेट' म्हणून घेतला आणि तिथे पॅरामाउंट चीफांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या मुखियांच्या, हातून राज्य चालवलं. स्वातंत्र्यानंतरही ही फाळणी राहिली. फ्रीटाउनमध्ये जमीन विकत घेता येते, प्रांतांत जमीन घराण्यांची आणि चीफडमची, म्हणजे एका पॅरामाउंट चीफच्या हाताखालच्या मुलखाची. 1991 चं संविधान भेदभावाला बंदी करतं, पण त्याच्याच 27 व्या कलमातल्या एका पोटकलमाने दत्तक, लग्न, घटस्फोट, अंत्यविधी आणि वारसा हे विषय त्या बंदीतून वगळले. बाईच्या आयुष्यात कायद्याची गाठ जिथे जिथे पडते ते जवळजवळ सगळं त्या ओळीत आलं.

रूढीचा कायदा चालवणारी लोकल कोर्टं सरकारी आहेत. ती भरतात 'बारे'मध्ये: कमरेइतक्या भिंती, वर पत्रा, चारही बाजू उघड्या. अध्यक्ष आणि काही सदस्य बसतात, एक कारकून वहीत लिहितो. तिथे वकिलाला उभं राहता येत नाही. चीफला स्वतः खटला चालवण्याचा कायदेशीर अधिकार नाही, तरीही लोक आधी त्याच्याकडेच जातात, कारण तो जवळ आहे आणि रात्रीही भेटतो. समन्सची फी, बसण्याची फी, 'पाहणी'ची फी अशा रकमा निघत जातात आणि बऱ्याचदा पावती नसते. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस भांडणाच्या मूळ रकमेपेक्षा जास्त पैसे देऊन घरी जातो.

2007 मध्ये संसदेने एकाच वर्षी तीन कायदे केले: कौटुंबिक हिंसाचाराचा, वारशाचा, आणि रूढीच्या लग्नांची व घटस्फोटांची नोंद करण्याचा. त्यांना तिथे 'जेंडर ॲक्ट्स' म्हणतात. यांमागे देशातल्या बायकांच्या संघटना होत्या, परदेशी देणगीदार नंतर आले, हे सांगायला हवं. त्याआधी नवरा मेला की दीर घरातली भांडी, पत्रे, शिवणयंत्र उचलून न्यायचे, आणि पुष्कळ ठिकाणी विधवेलाही भावाची बायको म्हणून 'घेतलं' जायचं. नव्या वारसा कायद्याने विधवेला घराबाहेर काढणं आणि तिला दिराशी लग्न करायला भाग पाडणं हे गुन्हे ठरवले.

फरक पडला. पण ज्या वाटेने पडला ती वाट महत्त्वाची आहे. माझ्या पाहण्यात विधवांची जी प्रकरणं सुटली त्यांतली फार थोडी मॅजिस्ट्रेटपर्यंत गेली. बाकीच्यांत एक पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेला पण कायद्याचं प्रशिक्षण घेतलेला स्थानिक माणूस, चीफकडे जाऊन बसला. दीराला बोलावलं, कायद्याचा कागद पुढे ठेवला आणि क्रिओ किंवा मेंडे या तिथल्या भाषांत समजावलं. चीफलाही तोंड राखून निर्णय देता आला, कारण 'सरकारचा कायदा तसा आहे' असं त्याला म्हणता येत होतं. हे मला कळीचं वाटतं. नव्या कायद्याने चीफला हटवलं नाही. आपल्या भाऊबंदांना नाही म्हणायला त्याला एक कारण दिलं.

ही पद्धत रुजवली ती मुख्यतः 'तिमाप फॉर जस्टिस' या संस्थेने. 2003 मध्ये मूठभर पॅरालीगल आणि त्यांच्या पाठीशी एक-दोन वकील एवढ्यावर ती सुरू झाली. बहुतेक प्रकरणं समझोत्याने सुटायची. पण पाठीमागे वकील आहे आणि वेळ पडली तर तो उच्च न्यायालयात जाईल हे पोलिसांना आणि चीफना माहीत असल्यामुळेच समझोता मानला जायचा. वकिलाचा आधार नसलेले पॅरालीगल मी इतर प्रकल्पांत पाहिले आहेत. ते प्रामाणिक असतात, पण त्यांचं कोणी ऐकत नाही. 2012 च्या कायदेशीर मदत कायद्याने पॅरालीगलला अधिकृत स्थान दिलं आणि प्रत्येक चीफडममध्ये किमान एक नेमावा असं लिहिलं. त्या कायद्याखालचं मंडळ प्रत्यक्ष काम करू लागलं 2015 मध्ये, आणि 'प्रत्येक चीफडम' हे अजून गाठायचं उद्दिष्ट आहे. तरी युद्धानंतरच्या सिएरा लिओनने दुसऱ्या देशांना शिकवण्यासारखं काही केलं असेल तर माझ्या मते हेच.

आता अडलं कुठे ते सांगते. वारसा कायद्यात एक अपवाद आहे: कुटुंबाची, चीफपदाची आणि समाजाची सामायिक मालमत्ता त्याच्या कक्षेबाहेर. प्रांतांत शेतजमीन म्हणजे जवळजवळ सगळी घराण्याची मालमत्ता. म्हणजे विधवेला घर मिळालं, घरातल्या वस्तू मिळाल्या, पण जिच्यावर भात पिकवून ती पोरं जगवणार ती जमीन नाही. कायदा मंजूर होण्यासाठी केलेली ही तडजोड होती, आणि ती न करता तो मंजूर झाला असता असं मला वाटत नाही. पण या तडजोडीची किंमत खेड्यातल्या बायकांनी पंधरा वर्षं मोजली. 2022 च्या रूढीच्या जमीनहक्क कायद्याने घराण्याच्या जमिनीत बायकांना पुरुषांइतके हक्क दिले, जमीन समित्यांत किमान 30 टक्के बायका हव्यात असं घातलं, आणि कंपनीला जमीन देण्याआधी तिथल्या लोकांची माहितीपूर्वक संमती सक्तीची केली. त्याआधी चीफच्या अंगठ्यावर हजारो एकर पाम तेलाच्या मळ्यांना गेले आहेत.

दुसरी अडचण अशी की कायदे एकमेकांशी बोलत नाहीत. त्याच 2007 मध्ये बालहक्क कायद्याने लग्नाचं वय 18 केलं, आणि रूढीच्या लग्नांच्या कायद्याने आईवडिलांच्या संमतीने त्याआधीही लग्नाला वाट ठेवली. एकाच संसदेचे, एकाच वर्षाचे दोन कायदे. गावात अर्थातच दुसरा लागू झाला. ही विसंगती बालविवाहबंदीचा स्वतंत्र कायदा होऊन मिटली ती 2024 मध्ये. असं होतं कारण प्रत्येक मसुद्यामागे वेगळं मंत्रालय, वेगळा देणगीदार आणि वेगळा सल्लागार असतो. साऱ्या मसुद्यांकडे एकत्र पाहणाऱ्या विधी सुधार आयोगाला मात्र माणसं आणि पैसा दोन्ही अपुरे पडतात. देणगीदारांना मी गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले आहे: नव्या कायद्याला पैसे देण्याआधी जुने कायदे छापून प्रत्येक कोर्टात पोचवायला द्या.

लोकल कोर्टांचंही तसंच. 2011 च्या कायद्याने ती स्थानिक प्रशासनाच्या मंत्रालयाकडून काढून न्यायपालिकेकडे दिली. तत्त्व बिनचूक आहे, कारण न्याय करणारा माणूस राजकीय मंत्र्याच्या मर्जीने नेमला जाऊ नये. पण दंड आणि फीचे पैसे पूर्वी चीफडमच्या कारभाराला लागायचे. ते जाणार म्हटल्यावर चीफ नाराज झाले, आणि फ्रीटाउनहून येणारा पगार गावच्या कारकुनापर्यंत वेळेवर पोचेना. पगार नसलेला कारकून पावती का फाडेल? कलमं लिहिणाऱ्यांनी त्या कारकुनाचा पगार कोणत्या खात्यातून निघेल हा प्रश्न मसुद्याइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवा होता.

सत्य व सलोखा आयोगाच्या शिफारशींचा प्रवासही पाहा. आयोगाने 2004 मध्ये फाशी रद्द करा म्हटलं. ती रद्द झाली 2021 मध्ये. पत्रकारांना तुरुंगात टाकणारा, 1965 च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातला बदनामीचा भाग 2020 मध्ये गेला. वारसा आणि लग्नाला भेदभावबंदीतून वगळणाऱ्या त्या पोटकलमावरही आयोगाने बोट ठेवलं होतं. पुढे संविधान आढावा समितीने देशभर फिरून मोठा अहवाल दिला, आणि 2017 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तिच्या बहुतेक शिफारशी नाकारल्या. फाशी जायला सतरा वर्षं लागली म्हणून आयोगाचा अहवाल वाया गेला असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात प्रत्येक वकिलाला, प्रत्येक संघटनेला हातात धरायला तो कागद होता. पण तीन वर्षांच्या प्रकल्पात 'परिणाम' मोजायला येणाऱ्यांनी हा काळाचा पल्ला ध्यानात घ्यावा.

शेजारच्या लायबेरियात वेगळा धडा मिळतो. युद्ध संपवणाऱ्या 2003 च्या अक्रा करारानंतर तिथे बलात्काराचा कायदा कडक झाला, गंभीर प्रकरणांत जामीन जवळजवळ बंद झाला, आणि 2008 मध्ये मन्रोव्हियात लैंगिक गुन्ह्यांसाठी खास न्यायालय मंजूर झालं. हेतूबद्दल शंका नाही; त्या युद्धात बायकांवर जे झालं ते पाहता याहून कमी चाललं नसतं. पण न्यायाधीश, सरकारी वकील, वैद्यकीय पुरावा घेणारी यंत्रणा त्या वेगाने वाढली नाही. तुरुंग कच्च्या कैद्यांनी भरले, खटले उभे राहिले नाहीत, आणि अत्याचार झालेल्या मुलीचं कुटुंब दोन-तीन वर्षं वाट पाहून गावात तडजोड करू लागलं. आरोपीला शिक्षा नाही, निर्दोषाला सुटका नाही. शिक्षा वाढवणं हा विधिमंडळाला सर्वांत स्वस्त पडणारा उपाय आहे, म्हणून तो आधी केला जातो. सिएरा लिओननेही 2019 मध्ये लहान मुलांवरील बलात्काराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा नेली. निदान पुढच्याच वर्षी खास न्यायालय उघडलं.

चांगलं उदाहरण हवं असेल तर मोझांबिक घ्या. ऑक्टोबर 1992 मध्ये रोमला शांतता करार झाला आणि लाखो विस्थापित आपापल्या गावी परतू लागले. कुणाकडेही कागद नव्हता. 1997 च्या जमीन कायद्याने जमीन सरकारचीच ठेवली, पण रूढीने कसणाऱ्याचा हक्क नोंद नसतानाही मान्य केला, दहा वर्षं सद्भावनेने वहिवाट असलेल्यालाही हक्क दिला, आणि शेजाऱ्यांची तोंडी साक्ष पुरावा म्हणून चालेल असं लिहिलं. मग स्थानिक भाषांतून, नाटकांतून तो कायदा देशभर सांगितला. ज्यांच्याकडे फक्त शेजाऱ्यांची आठवण शिल्लक आहे त्यांना तीच पुरेशी ठरवणारा कायदा लिहायला फार बुद्धी आणि थोडं धाडस लागतं. म्हणून त्या देशात सगळं नीट झालं असं नाही. 2017 पासून उत्तरेत काबो देल्गादोत पुन्हा हिंसा सुरू आहे, आणि खाण व वायूच्या प्रकल्पांसाठी विस्थापित झालेल्यांचा रागही तिथल्या असंतोषात आहे.

रवांडाची गाचाचा न्यायालयं तुम्ही ऐकली असतील. सुमारे बारा हजार गावकोर्टांनी 2012 पर्यंत वंशसंहाराची एकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणं निकालात काढली. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आरोपींच्या बचावाच्या हक्काबद्दलची टीकाही रास्त आहे. मला मात्र त्या देशाचा 1999 चा वारसा कायदा जास्त मोलाचा वाटतो. घराघरांतले पुरुष मारले गेले होते, मुलींना बापाच्या जमिनीवर हक्क नव्हता. या कायद्याने तो दिला. त्यातही भोक राहिलंच: नोंदणी न केलेल्या लग्नातल्या बायका बाहेर राहिल्या.

दक्षिण सुदानबद्दल थोडक्यात, कारण तिथे आपला एक धागा आहे. 1899 चा सुदानचा दंडसंहिता कायदा भारतीय दंड संहितेवरून बेतलेला होता, आणि दक्षिण सुदानची 2008 ची संहिता त्याच कुळातली. तुम्ही कलमं चाळलीत तर ओळखीची वाटतील. पण अरबीत शिकलेले न्यायाधीश आणि इंग्रजी कायदा अशी तिथली कुचंबणा, आणि 2015 च्या शांतता करारात कबूल केलेलं संमिश्र न्यायालय अजून उभं नाही. जिथे युद्ध थांबवणाऱ्यांनाच खटल्याची भीती आहे तिथे मसुदे कितीही चांगले असोत, ते टेबलावरच राहतात. या बाबतीत तुमची शंका खरी आहे.

तुम्हाला या विषयावर प्रबंध लिहायचा असेल तर माझी सूचना अशी: विशेष न्यायालय घेऊ नका, त्यावर ग्रंथालयं भरली आहेत. 2022 चा जमीनहक्क कायदा घ्या. एक चीफडम निवडा. तिथे जमीन समिती बसली का, त्यातल्या बायका बैठकीला येतात का, त्यांची नावं वहीत कोण लिहितो, कंपनीच्या करारावर सही कोणाची आहे, आणि वाद झाला तर लोक आधी चीफकडे जातात, पॅरालीगलकडे की बारेमध्ये, एवढं शोधा. जमल्यास कोर्टाच्या कारकुनाची पावतीपुस्तकं मागा. ती दाखवायला तो तयार झाला तर तुमचं निम्मं काम झालं, आणि तो टाळाटाळ करू लागला तर कुठे खोदायचं तेही तुम्हाला कळेल.